अंगठ्याची खूण आणि माणसाची ओळख



जुन्या खरेदीखताच्या तळाशी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' हे शब्द आपण वाचले असतील. ज्याला सही येत नसे, त्याची ती खूण. आज रेशनच्या दुकानात पदवीधरालाही यंत्रावर बोट टेकवावे लागते. म्हणजे अंगठेबहाद्दर आता आपण सारेच!

या शास्त्राचा पाया आपल्याच देशात घातला गेला. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल यांनी करारावर हाताचा ठसा घेतला. 1897 साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. तेथील वर्गीकरणाच्या पद्धतीत अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. पहिला आधार क्रमांक 2010 साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. 2023 साली आधार प्राधिकरणाने मुंबईच्या आय. आय. टी.शी करार केला, तो बोट कोठेही न टेकवता मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठसा टिपण्याच्या संशोधनासाठी.

हे काम अवघड का, ते पाहू. बोटावरच्या दोन रेघांत अंतर असते जेमतेम अर्धा मिलिमीटर. ठशाचे नेहमीचे यंत्र इंचाला 500 ठिपके टिपते; म्हणजे एका रेघेच्या वाट्याला सुमारे दहा. दुरून घेतलेल्या धूसर चित्रात दोनतीनच उरतात. आजी मोजायची ती चक्रे नि शंख त्यात दिसतात. पण चक्रे लाखोंच्या बोटांवर असतात. रेघ कोठे संपली, कोठे तिला फाटा फुटला, यावर खरी ओळख ठरते, आणि नेमके तेच पुसले जाते. शिवाय 'हा तोच का?' या प्रश्नासाठी एकच ठसा ताडावा लागतो, 'हा कोण?' म्हटले की लाखो ठसे ताडावे लागतात, आणि चुकीचा संभवही तितकाच वाढतो.

आता आपल्या वसईकडे या. मिठागरात राबलेला, पाचूबंदरला जाळे ओढणारा, वाडीत कुदळ चालवणारा हात आठवा. श्रमाने त्याच्या रेघा झिजतात. न टेकवता घेतलेल्या चित्रात कातडी दाबली जात नाही, एवढा त्याला फायदा. पण झिजलेली रेघ कॅमेऱ्यालाही अंधूकच दिसणार.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यंत्र 'ओळख पटली नाही' म्हणाले, तर चित्र अपुरे पडले असे समजावे, माणूस खोटा ठरला असे नव्हे. त्याच्यासाठी दुसरी वाट उघडी हवी. ज्या कष्टाने बोट झिजले, त्याच कष्टाची शिक्षा म्हणून कोणी रिकामी पिशवी घेऊन परतू नये.