कॅमेऱ्यामागचं ‘हं... हं...’

फिल्म कशी करावी यावर मला बोलायला सांगितलंय. मी काही फिल्मवाली नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना विद्यार्थी म्हणून तीन छोट्या फिल्म केल्या, तेवढंच माझं भांडवल.

पहिली फिल्म पुण्यातल्या एका घरकामगार मावशींवर होती. मुलाखत छान झाली असं वाटलं. मग रेकॉर्डिंग ऐकलं, तर मावशींच्या दर वाक्यावर माझा आवाज: ‘हं... हं... हो ना, खरंय.’ समोरच्या बाईला धीर यावा म्हणून आपण कार्यकर्त्या असे हुंकार देतोच. समुपदेशनात तो गुण. इथं मात्र त्यांच्या शेवटच्या शब्दावर माझा हुंकार चढलेला, त्यामुळे वाक्य कुठं कापताच येईना. शिवाय कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही!

दुसऱ्या फिल्मच्या वेळी मी हेडफोन लावून आधी नुसती खोली ऐकली. माइक बोलणाऱ्या बाईच्या जवळ नेला. मुलाखत संपल्यावर अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून खोलीची शांतता रेकॉर्ड केली. एडिटिंगमध्ये जोड झाकायला ती लागते. आणि हुंकाराऐवजी नुसती मान हलवली. गंमत म्हणजे मी गप्प बसले तशा बाया जास्त बोलल्या. वाक्य संपलंसं वाटतं, आपण जरा थांबतो, आणि खरी गोष्ट त्यानंतर येते.

आवाज सुधारला, पण नजरेचं काय? पहिल्या फिल्ममध्ये मावशी रडल्या तिथं मी झूम केला होता. वर्गात त्याची वाहवा झाली. पुढे वस्तीत बालवाडीच्या भिंतीवर ती दाखवली, तेव्हा मावशी म्हणाल्या, “पोरी, पाच घरची भांडी घासते मी. ते कुठं दिसलंच नाही. नुसती रडतीय.” खरंच, माझ्याकडे त्यांच्या हातांचा एकही शॉट नव्हता. मालकिणींकडे परवानगी मागायला मीच कचरले होते.

मग शोधून ‘मोलकरीण’ पाहिली. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या युगांतर गटानं १९८१ साली पुण्यातल्याच मोलकरणींबरोबर केलेली फिल्म. त्यात बायांचं दुःख आहेच, पण काम आहे, संघटना आहे. आपल्याच गावात हे होऊन गेलंय आणि मला पत्ता नाही!

तिसरी फिल्म पुन्हा त्याच मावशींबरोबर केली. पहाटेपासून त्यांच्यामागे फिरले. हात, राख, खरकटं, जिने, सगळं घेतलं. बोलता बोलता त्या जावयाच्या मारहाणीबद्दल एक वाक्य बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला: तेवढं काढ, लेक अजून तिथंच नांदतीय.

सर म्हणाले, फिल्म त्या वाक्यावर उभी आहे, आणि संमतिपत्रावर सही आहेच की. सही होती, खरं आहे. दोन रात्री मी एडिटिंगला बसले, वाक्य काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. शेवटी तिथं भांडी विसळण्याचा शॉट टाकला. फिल्म लंगडी झाली, खोटं कशाला बोलू? गुणही कमी पडले, त्याचा रागही आला.

वस्तीत ती दाखवली तेव्हा मावशींची लेक माहेरी आलेली होती. बाळाला मांडीवर घेऊन पहिल्याच रांगेत बसली होती, नवऱ्याच्या शेजारी.