अंतराळातून देवमाशांची शिरगणती



कोकणातला मच्छीमार ज्याला देवमासा म्हणतो, तो वस्तुतः मासा नव्हे. फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा तो सस्तन प्राणी आहे. एवढा अवाढव्य प्राणी मोजणे सोपे असेल, असे कोणालाही वाटावे. पण वाघ जंगलात पाऊलखुणा ठेवतो. समुद्रावर खुणा उमटत नाहीत. देवमासा श्वासापुरता वर येतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. त्यामुळे समुद्रात देवमासे किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर अवघड होऊन बसते. आणि जिथे मोजता येत नाही, तिथे खोटे आकडे खपवणे सोपे जाते.

याचा दाखला इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. मात्र किती देवमासे मारले, हे ज्याने मारले त्यानेच कळवायचे, अशी व्यवस्था होती. त्यानंतरच्या पाव शतकात सोव्हिएत रशियाच्या ताफ्यांनी दक्षिण गोलार्धात पाठीवर उंचवटा असलेले ‘हंपबॅक’ जातीचे ४८ हजारांहून अधिक देवमासे मारले आणि कागदावर दाखवले अवघे २,७१०. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी १९९३ साली या लपवाछपवीला वाचा फोडली. खऱ्या नोंदी नष्ट होऊ नयेत म्हणून एका शास्त्रज्ञाने त्या बटाट्यांच्या तळघरात दडवून ठेवल्या होत्या. तोवर जगभरचे अभ्यासक खोट्या आकड्यांवर विसंबून अनुमाने बांधत होते.

या पापाचा एक अध्याय भारताच्या उंबरठ्यावर घडला. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत याच ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्यालगतच्या अरबी समुद्रात २४२ हंपबॅक मारले. त्यांतले बहुतेक १९६६ च्या नोव्हेंबरातील मोजक्या दिवसांत मारले गेले. जगातले इतर हंपबॅक अन्नासाठी ध्रुवाकडे आणि विणीसाठी उष्ण समुद्राकडे, असा दरवर्षी प्रवास करतात. अरबी समुद्रातला हंपबॅक मात्र बारमाही इथलाच रहिवासी आहे. २००० ते २००४ या काळातील छायाचित्रांवरून ओमानच्या पाण्यात त्याची संख्या सुमारे ८२ असल्याचा अंदाज निघाला. एका हंगामात जितके मारले गेले, त्याच्या निम्मेही आज उरलेले दिसत नाहीत.

म्हणूनच मारणाऱ्यावर अवलंबून नसलेली गणना हवी. जहाजावरून किंवा विमानातून मोजणी आजवर होत आली आहे. परंतु ती खर्चिक असते, अनेकदा धोक्याची असते आणि दूरच्या समुद्रात तर ती जवळजवळ अशक्य ठरते. या ठिकाणी उपग्रह उपयोगी पडू लागला आहे.

‘ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे’ या संस्थेचे पीटर फ्रेटवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पाजवळील नुएवो आखात हे ‘राइट व्हेल’ जातीच्या देवमाशांचे विणीचे ठिकाण आहे. हा प्राणी संथ पोहतो आणि मेल्यावर तरंगतो, म्हणून शिकाऱ्यांनी त्याला ‘मारण्यास योग्य’ या अर्थाचे ते नाव दिले. ‘वर्ल्डव्ह्यू-२’ या उपग्रहाने सप्टेंबर २०१२ मध्ये टिपलेले या आखाताचे ११३ चौरस किलोमीटरचे चित्र त्यांनी तपासले. चित्रातला एक ठिपका म्हणजे समुद्रावरचा पन्नास सेंटिमीटरचा चौकोन. पंधरा मीटर लांबीचा प्राणी अशा चित्रात तीसएक ठिपक्यांची रेघ म्हणून दिसतो. शिवाय या उपग्रहाला जांभळट निळ्या प्रकाशाची एक खास पट्टी दिसते. तो प्रकाश पाण्यात खोलवर शिरत असल्याने पृष्ठभागाच्या किंचित खाली असलेला प्राणीही नजरेस येतो. अभ्यासकांना ५५ आकृत्या बहुधा देवमाशांच्या वाटल्या आणि आणखी २३ संभाव्य वाटल्या. संगणकाच्या स्वयंचलित पद्धतीने पहिल्या गटातल्या ८९ टक्के आकृत्या ओळखल्या.

त्यानंतर ‘वर्ल्डव्ह्यू-३’ची चित्रे उपलब्ध झाली. त्यांतला ठिपका जेमतेम एकतीस सेंटिमीटरचा असल्यामुळे शेपटीचा पंखा आणि बाजूचे वल्ह्यासारखे पर ओळखू येऊ लागले. मेक्सिकोच्या खाडीतले करडे देवमासे आणि भूमध्य समुद्रातले ‘फिन’ देवमासे पाण्याच्या रंगावर उठून दिसतात, म्हणून ते सहज ओळखता आले. उसळ्या मारणारे हंपबॅक ओळखणे मात्र कठीण गेले.

या साधनाच्या मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. खडक, होडी, लाटेचा फेस, पक्ष्यांचा थवा यांची आकृती देवमाशासारखी भासू शकते. ढग आले की चित्र वाया जाते. वारा असला की पाणी खवळते. त्यातच देवमासा बहुतांश काळ खोल पाण्यात असतो आणि उपग्रह तर क्षणभराचेच चित्र टिपतो. म्हणजे दिसले तितके मोजून भागत नाही. न दिसलेल्यांचा हिशेब मांडावा लागतो. त्यासाठी जहाजावरच्या माणसाची नोंद लागतेच.

तरीही हे साधन काय करू शकते, ते चिलीच्या उदाहरणावरून कळते. २०१५ साली त्या देशाच्या दक्षिणेकडील निर्जन पेनास आखातात ‘सेई’ जातीचे किमान ३४३ देवमासे मृत होऊन किनाऱ्याला लागले. विषारी शेवाळाच्या प्रादुर्भावाने हे घडले असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्या भागात मनुष्यवस्तीच नव्हती, त्यामुळे विमानातून पाहणी होईपर्यंत या संहाराची व्याप्ती ध्यानात आली नाही. उपग्रहाच्या जुन्या चित्रांत मात्र ती कलेवरे टिपली गेली होती आणि २०१९ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साक्षीदार हजर होता, पण त्याची साक्ष वेळेवर कोणी नोंदवली नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानच्या अभ्यासकांनी ‘लुबान’ नावाच्या हंपबॅक मादीच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारे उपकरण बसवले. ती अरबी समुद्र पार करून गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली, दक्षिणेस कन्याकुमारीकडे गेली आणि पुन्हा ओमानला परतली. याचा अर्थ, ओमानच्या गणनेतले देवमासे भारताच्याही पाण्यात वावरतात. मासेमारीची जाळी आणि जहाजांची वर्दळ, ही दोन्ही संकटे या पाण्यातही आहेत.

भारतापाशी साधन नाही, असे मुळीच नाही. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेल्या ‘कार्टोसॅट-३’ उपग्रहाच्या चित्रातला ठिपका पंचवीस सेंटिमीटरचा आहे. अर्जेंटिनाच्या प्रयोगात वापरलेल्या चित्रापेक्षा तो दुपटीने सूक्ष्म आहे. पावसाळ्याचे चार महिने ढगांमुळे वाया जातील, हे खरे. परंतु हिवाळ्यातल्या निरभ्र दिवसांत, जिथे देवमासे दिसल्याचे कळेल, तिथे या नजरेचा उपयोग करता येईल. कुठे पाहायचे, हे कोकणातला तांडेल सांगू शकतो. त्याने पाण्याचे फवारे पाहिलेले असतात. काय दिसले, हे सागरी जीवशास्त्रज्ञ सांगू शकतो. या तिघांची गाठ घालून देणे ही शासनाची आणि विद्यापीठांची जबाबदारी आहे.

१९६६ साली या समुद्रात काय घडले, ते भारताला तीन दशकांनी दुसऱ्यांकडून कळले. आज उरलेल्या शंभराच्या आतबाहेरच्या देवमाशांचे काय होते आहे, हे जाणून घेण्यासाठी पुन्हा दुसऱ्यांच्या नोंदींची वाट पाहत बसण्याचे कारण उरलेले नाही.