अवयवांच्या शोधांत

श्रोतेहो, जवळ कागद-पेन्सिल असल्यास एक संख्या लिहून घ्यावी : ७३८७. हिचे अवयव पाडावयाचे आहेत. शाळेंत शिकविलेली रीति म्हणजे २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्यांनीं एकामागून एक भाग देऊन पाहणें. त्या रीतीनें बावीस भागाकार फुकट जातात आणि तेविसावा लागू पडतो. आतां दुसरी वाट पाहूं. या संख्येहून किंचित् मोठा असा वर्ग घ्या : ८६ चा वर्ग ७३९६. त्यांतून ७३८७ वजा केल्यास ९ उरतात, आणि ९ हा तर ३ चा वर्ग. म्हणजे आपली संख्या ही दोन वर्गांमधील वजाबाकी ठरली. आणि अशा वजाबाकीचे अवयव म्हणजे त्या मूळच्या दोन संख्यांची बेरीज व वजाबाकी, हें सूत्र आपण सर्वांनीं लहानपणीं घोकलेलें आहे. ८६ आणि ३ यांची बेरीज ८९, वजाबाकी ८३. काम झालें.

ही युक्ति सतराव्या शतकांतील फ्रेंच गणिती फर्मा याची. फर्मा हा पेशानें गणिती नव्हता. तूलूज येथील न्यायसभेंत तो अधिकारी होता, आणि गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. आज मी ज्यांच्याविषयीं बोलणार आहें तीं माणसेंहि त्याच जातीचीं आहेत. दिवसा आपापला नोकरी-धंदा सांभाळावा, आणि रात्रीं घरच्या संगणकास एखादी शंभर-दीडशें अंकांची संख्या देऊन तिचे अवयव शोधावयास बसवावें, हा त्यांचा छंद. सकाळीं उठून प्रथम काय पाहावयाचें, तर रात्रीं कांहीं सांपडलें काय! बहुधा सांपडलेलें नसतें.

शंभर अंकी संख्या पन्नास-पन्नास अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार असेल, तर शाळेंतली रीति तेथें थिटी पडते. सेकंदास शंभर कोटि भागाकार करणारें यंत्र विश्वाच्या आरंभापासून चालत असतें, तरी तें आज कामाच्या पहिल्या पायरीवरच असतें. उलट त्या दोन संख्यांचा गुणाकार करावयास चिकाटीच्या मुलास एक दुपार पुरेल. करणें सोपें आणि उलगडणें महाकठीण, असें हें नातें आहे.

याचें एक उदाहरण गणितज्ञांत मोठ्या प्रेमानें सांगितलें जातें. मर्सेन नांवाच्या फ्रेंच धर्मोपदेशकानें १६४४ मध्यें, २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे, असें लिहून ठेवलें. १८७६ मध्यें ल्युका यानें ती मूळ नाहीं हें सिद्ध केलें. पण अवयव कोणते, हें त्यालाहि सांगतां येईना. (अवयव हातीं न लागतां संख्या संयुक्त आहे हें सिद्ध करतां येतें, ही गोष्ट प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटते. मला ती अजूनहि वाटते.) पुढें १९०३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें अमेरिकन गणितज्ञांच्या सभेंत फ्रँक नेल्सन कोल हे निबंध वाचण्यास उभे राहिले. कथा अशी कीं, ते एक अक्षरहि न बोलतां फळ्यापाशीं गेले. एका बाजूस त्यांनीं २ चा ६७ वा घात काढून त्यांतून १ वजा केला. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्हींकडे तेच एकवीस अंक आले. कोल जागेवर जाऊन बसले, आणि सभेनें टाळ्यांचा गजर केला. या शोधास किती वेळ लागला असें कोणीं विचारतां, तीन वर्षांतले रविवार, असें त्यांनीं सांगितलें म्हणतात. आजचा घरगुती संगणक हेंच काम डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं करतो.

माझें गणित मॅट्रिकपुरतें. तरीहि कोल यांचा गुणाकार मी पडताळून पाहिला आहे, आणि तो बरोबर आहे हें मी कोणत्याहि प्राध्यापकाच्या तोंडावर सांगूं शकतों. या छंदाची खरी मौज मला येथेंच वाटते. अवयव सांपडला कीं तो कोणाला सांपडला, त्याच्याजवळ पदवी आहे कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. एक भागाकार करून बाकी शून्य आली कीं वाद मिटला.

उलगडण्याच्या या कठीणपणावरच व्यवहारांतलीं कुलुपेंहि बसविलेलीं आहेत. १९७७ मध्यें रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनीं एक गुप्तलिपि काढली. तींत मोठी संख्या सर्वांसमोर उघडी ठेवावयाची; जो तिचे दोन अवयव जाणेल त्यालाच मजकूर उलगडेल. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत एक १२९ अंकी संख्या छापली, आणि ती फोडणारास १०० डॉलरांचें बक्षीस लावलें गेलें. त्या वेळचा अंदाज असा कीं, या कामास अब्जावधि वर्षें लागतील. लागलीं सतराच. १९९४ च्या एप्रिलमध्यें ती संख्या फुटली, आणि ती फोडण्यांत निरनिराळ्या देशांतील सुमारें ६०० स्वयंसेवकांचा हातभार होता.

त्यांची रीति फर्माच्या युक्तीचीच नात होय. १९८१ मध्यें कार्ल पोमरन्स यांनीं ती सिद्ध केली. आपल्याला ७३८७ साठीं पहिल्याच फटक्यास पुरा वर्ग मिळाला. मोठ्या संख्येस तो मिळत नाहीं, अर्धेमुर्धे तुकडे मिळतात. असे लक्षावधि तुकडे गोळा करून त्यांतले निवडक एकमेकांशीं गुणले कीं पुरा वर्ग तयार होतो. तुकडे वेंचण्याचें काम घरोघर वांटून देतां येतें. आठ महिने सुमारें १६०० यंत्रें तें वेंचीत होतीं, आणि त्यांत दोन फॅक्स यंत्रेंहि होतीं!

पुढें २००९ मध्यें तर एका हौशी मनुष्यानें एकट्यानें, आपल्या घरच्या संगणकावर ७३ दिवसांत १५५ अंकी संख्या फोडली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या विद्यार्थ्यांसाठींच्या एका गणकयंत्राची ती किल्ली होती. कंपनीनें कायद्याच्या नोटिसा धाडल्या. पण एकदां सांगितलेले अवयव परत कसे घेणार? आजचीं नेहमींचीं कुलुपें सहाशेंहून अधिक अंकांचीं असतात, तेव्हां श्रोत्यांनीं आपल्या बँकेंतील ठेवीची काळजी करूं नये.

सर्वच शोध असे गाजत नाहींत. बहुतेक हौशी लोक ज्या रीतीवर विसंबतात ती हेन्ड्रिक लेन्स्ट्रा यांनीं १९८५ मध्यें काढलेली 'एलिप्टिक कर्व्ह' रीति. तिचें अंतरंग येथें उकलणें शक्य नाहीं. पण चाल सोडतीसारखी आहे. दरवेळीं एक नवा वक्र निवडावयाचा; नशिबानें तो योग्य निघाला तर अवयव हातीं येतो, नाहींतर दुसरा निवडावयाचा. चाळीस अंकी अवयवासाठीं सुमारें २,३५० वक्र चालवावेत असा प्रघात आहे. आणि तेवढे चालवूनहि, असलेला अवयव शंभरांत सदतीस वेळां निसटतोच.

येथें एक नाजूक गोष्ट उद्भवते. अवयव सांपडला तर पडताळा क्षणाचा. पण 'इतके वक्र चालविले, कांहीं मिळालें नाहीं,' असें जो कळवितो, त्याचा पडताळा कसा घ्यावयाचा? तें सारें काम पुन्हा केल्यावांचून उपाय नाहीं. म्हणून या मंडळींच्या सामायिक नोंदवहीचा फार मोठा भाग केवळ शब्दावर चालतो. ज्याचें नांव कोठेंहि छापून येणार नाहीं, ज्याच्या पदरीं विजेचें वाढलेलें बिल आणि उन्हाळ्यांत तापलेली खोली एवढेंच पडलें, तो प्रामाणिकपणें 'नाहीं' असें लिहितो, आणि पुढचा मनुष्य त्यावर भिस्त ठेवून तेथून पुढें जातो. २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या पाहा. ती संयुक्त आहे हें सिद्ध झालेलें आहे. अवयव मात्र अद्याप एकहि सांपडलेला नाहीं. तिच्या नांवावर अशा 'नाहीं' किती जमल्या आहेत!

महाराष्ट्रास हें वेड परकें नाहीं. देवळालीच्या शाळेंतील शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनीं संख्यांच्या नादांत जन्म घालविला. ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१. असल्या संख्यांना त्यांनीं 'डेमलो' हें नांव दिलें. ज्यांचे वर्ग केले असतां त्या तयार होतात, त्या नुसत्या एकांच्या संख्या, त्यांचे अवयव शोधणें हा आज या हौशी मंडळींचा एक आवडता आखाडा आहे. १,११,१११ घेतल्यास ३, ७, ११, १३ व ३७ असे पांच अवयव निघतात. पुढें एकांची रांग लांबूं लागली कीं संगणकहि घाम गाळतो.

वेळ संपत आली. घरांत आठवी-नववींतील मूल असेल तर त्यास ८६३३ ही संख्या घालून पाहावी. ९३ चा वर्ग करून पाहा, एवढेंच सुचवावें. पुढचें सांगूं नये.