प्लेगच्या झडत्या आणि वृत्तपत्रें

उपाय शास्त्रास धरून असला म्हणजे लोकांनीं तो निमूटपणें सोसावा, असें म्हणणाऱ्या श्रोत्यांनीं १८९७ सालचें पुणें आठवावें. मुंबईंत १८९६ च्या सप्टेंबरांत दिसलेला प्लेग तेथें पोंचला होता. फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला आणि शहराचा बंदोबस्त रँडसाहेबांच्या प्लेग-कमिटीकडे आला.

रोगी वेगळा ठेवावा, घर स्वच्छ करावें, हें तत्त्व 'केसरी'सही मान्य होतें. टिळकांनीं तर हिंदु रोग्यांसाठीं इस्पितळ काढण्यांत पुढाकार घेतला. बिघडलें तें रीतींत. मार्चपासून गोरे सोजीर घरोघर शिरूं लागले. देवघर, माजघर, कांहीं सुटलें नाहीं. (सोंवळ्याची अडचण खरी; पण बेअब्रूचें भय त्याहून मोठें.) लोक रोगी लपवूं लागले. जितकी झडती कडक, तितका रोग दडलेला! इस्पितळांत माणसें मारतात, अशी अफवाही बाजारांत होती. ती खोडून काढण्यास देशी पत्रांइतकें समर्थ साधन दुसरें नव्हतें. पण सरकारास त्यांची टीका तेवढी दिसली. २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. पुढें १४ सप्टेंबरास शिवाजी-उत्सवासंबंधींच्या मजकुराबद्दल टिळकांस राजद्रोहाची १८ महिन्यांची शिक्षा झाली.

त्याच वर्षींच्या जानेवारींत, मुंबईस, हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार करून पहिली सुई स्वतःस टोंचून घेतली होती.