सिंगापूरमधलं भाड्याचं घर



२०१३ च्या जूनमध्ये आम्ही सिंगापूरला उतरलो. नवऱ्याच्या कंपनीनं महिनाभराची राहायची सोय केली होती, तेवढ्या मुदतीत घर शोधायचं होतं. मुलगी चार वर्षांची. जाहिराती बघून मी फोन करायला सुरुवात केली. मला वाटलं, एजंट विचारेल, माणसं किती, कधीपासून हवंय. त्यानं विचारलं, ‘कुठल्या देशाच्या तुम्ही?’ मी सांगितलं. ‘घर गेलं,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला. ती जाहिरात पुढचे पंधरा दिवस तशीच होती.

काही जाहिरातींत हे उघडच लिहिलेलं असे. भारतीय नकोत, चीनहून आलेले नकोत. काहींत जरा आडून लिहिलेलं असे, ‘हलका स्वयंपाक चालेल’. हलका म्हणजे नूडल्स उकळा, अंडं उकडा. फोडणी नको, तळण नको. अशा अकरा-बारा नकारांनंतर एके रात्री मी नवऱ्याला म्हणाले, परत जाऊया. ती रात्र मी विसरलेले नाही, आणि आज बोलायला बसले आहे तीही त्या रात्रीमुळेच. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना व्हिसा, विमान, थंडी-पाऊस सगळ्याची माहिती असते. भाडेकराराची मात्र नसते, आणि पहिला फटका तिथंच बसतो.

तिथली घरं दोन प्रकारची. खाजगी इमारतींना सगळे कोंडो म्हणतात. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, फाटकावर पहारेकरी, आणि त्या मानानं भाडं. दुसरी एचडीबीची, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाची. हे मंडळ १९६० साली स्थापन झालं. त्या वेळी तिथली असंख्य कुटुंबं दाटीवाटीच्या चाळवजा घरांत आणि लाकडी वस्त्यांत राहायची. १९६१ मध्ये बुकित हो स्वी भागाला आग लागून जवळपास सोळा हजार माणसं बेघर झाली आणि मंडळाच्या बांधकामाला विलक्षण वेग आला. आज तिथल्या दर पाच रहिवाशांपैकी जवळजवळ चार जण एचडीबीच्या घरात राहतात. त्यामुळे तिथं सरकारी घर हा शब्द कुणी नाक मुरडून उच्चारत नाही. डॉक्टर, शिक्षक, टॅक्सीचालक एकाच जिन्यात भेटतात. घर नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं मिळतं आणि ठरावीक वर्षं स्वतः राहिल्यावर बहुतेक मालकांना ते पूर्ण भाड्यानं देता येतं.

खोल्या मोजायची पद्धत वेगळी आहे, तिथं आपली माणसं हमखास फसतात. ‘फोर-रूम’ म्हणजे चार शयनगृहं नव्हेत. दिवाणखाना त्यात धरलेला असतो. फोर-रूम म्हणजे आपला थ्री बीएचके, साधारण नव्वद चौरस मीटर. थ्री-रूम म्हणजे टू बीएचके.

आम्हाला पहिलं घर मिळालं ते तोआ पायो भागात, एचडीबीच्या आठव्या मजल्यावर. मालकीण सत्तरीच्या चिनी बाई. तिथं वयस्क बाईला सगळेच आंटी म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. आंटींनी देश विचारला नाही, त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, ‘तुमच्या आधीची भाडेकरीण गेली तेव्हा या भिंतीला हळदीचा आणि तेलाचा थर होता. तो निघाला नाही. रंग द्यावा लागला. तुमच्या घरी रोज फोडणी असते ना?’ मी म्हटलं, असते. खोटं कशाला बोलायचं? त्यांनी थोडा विचार केला आणि एजंटला सांगितलं, करारात लिही. खिडकी उघडी ठेवून स्वयंपाक करायचा. घर सोडताना स्वयंपाकघर आणि पडदे व्यावसायिक माणसांकडून साफ करून द्यायचे, पावती दाखवायची. सही करा आणि राहा.

त्या दोन ओळी माझ्या मनात कोरल्या गेल्या. आमच्याबद्दल त्यांना धास्ती होती, आणि तिला कारणही होतं. पण त्यांनी ती आमच्या तोंडावर दार लावण्यासाठी वापरली नाही. कागदावर आणली, तिचं एक कलम केलं, आणि ते पाळणं आमच्या हातात दिलं. तीन वर्षं आम्ही राहिलो. रोज रात्री ओटा आणि मागची भिंत गरम पाण्यानं पुसली. निघताना त्यांनी अनामत रक्कम शेवटच्या डॉलरपर्यंत परत केली, आणि मुलीला लाल पाकिटात पैसे घालून दिले.

आता त्या कागदाविषयी नीट सांगते, कारण श्रोत्यांमध्ये ज्यांची मुलं निघायच्या तयारीत आहेत त्यांना हे उपयोगी पडेल.

घर पसंत पडलं की आधी एक इरादापत्र द्यायचं असतं, आणि त्यासोबत बहुधा एका महिन्याचं भाडं. तुमच्या अटी इथंच लिहायच्या. गादी बदलून हवी, एसी दुरुस्त करून हवा, जे काय असेल ते. पैसे दिल्यावर आठवलेली अट मालक ऐकतोच असं नाही. मग मुख्य करार. एचडीबीचं घर सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीनं देता येत नाही, खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी नाही. अनामत बहुधा करारातल्या दर वर्षामागे एका महिन्याचं भाडं. तीन हजार डॉलर भाडं आणि दोन वर्षांचा करार असेल तर सहा हजार डॉलर मालकाकडे अडकतात. शिवाय मुद्रांक शुल्क. चार वर्षांपर्यंतच्या करारावर ते एकूण भाड्याच्या ०.४ टक्के असतं, म्हणजे आपल्या उदाहरणात बहात्तर हजारांवर २८८ डॉलर. करारात वेगळं लिहिलं नसेल तर ते भाडेकरू भरतो, आणि तिथंच सही केली असेल तर चौदा दिवसांत. हे पैसे वाचवायचा मोह करू नये. मुद्रांक नसलेला करार न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. अडचण येते त्या दिवशी तोच एक कागद तुमच्या बाजूनं उभा असतो.

परदेशी माणसासाठी सगळ्यांत महत्त्वाचं कलम वेगळंच आहे. त्याला तिथं डिप्लोमॅटिक क्लॉज म्हणतात. नाव राजदूतांचं, पण उपयोग तुमच्या-आमच्यासारख्या नोकरदारांना. नोकरी गेली किंवा बदली झाली तर करार मध्येच सोडायची ही मुभा. पण ती नेमकी केव्हापासून मिळते ते वाचलंच पाहिजे. दोन वर्षांच्या करारात बहुधा बारा महिने राहून झाल्यावर, आणि वर दोन महिन्यांची सूचना. म्हणजे चौदा महिने तुम्ही बांधलेले.

आमच्या ओळखीतल्या एका मराठी जोडप्याचं सातव्या महिन्यात हेच झालं. त्याची नोकरी गेली. नोकरीचा पास रद्द झाला की साधारण तीस दिवसांत देश सोडावा लागतो. घरी दीड वर्षाचं बाळ, आणि करारात सुटायची वाट नाही. कलम आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, ‘बारा महिन्यांनंतर’ हे शब्द वाचायचे राहून गेले होते. अनामत गेली. मालकानं उरलेलं भाडं मागितलं, तेव्हा आम्ही चार घरं मिळून त्यांच्या जागी दुसरा भाडेकरू शोधायला बाहेर पडलो. एकविसाव्या दिवशी सापडला. जोडप्यातली ती तरुण मुलगी विमानतळावर रडत होती, आणि मला राहून राहून वाटत होतं की सही करायच्या दिवशी शेजारी कुणी जाणतं माणूस असायला हवं होतं.

एजंटबद्दलही थोडं सांगते. २०१० पासून तिथं एजंटांवर सरकारी परिषद आहे. प्रत्येक एजंटाला क्रमांक असतो आणि तो सार्वजनिक यादीत तपासता येतो. एचडीबीच्या घराच्या भाड्याचे किंवा अनामतीचे पैसे एजंटानं स्वतःच्या हातात घ्यायचे नसतात. कुणी मागितले तर तिथून उठावं. एचडीबीचं घर असेल तर मंडळाची परवानगी आहे का हेही मालकाला विचारावं. मलेशियाचे सोडून इतर परदेशी भाडेकरूंना तिथं मर्यादा आहे. पूर्ण घर देताना परिसरात आठ टक्के, इमारतीत अकरा टक्के. ती भरली असेल तर मालकाच्या मनात असूनही तो तुम्हाला पूर्ण घर देऊ शकत नाही. असा नकार मनाला लावून घेऊ नये. तो नियमाचा नकार आहे.

दुसरं घर आम्ही कोंडोत घेतलं, मुलीच्या शाळेजवळ. तिथले मालक गोड बोलणारे होते. दोन वर्षांनी घर सोडताना त्यांनी लाकडी जमिनीवरचे ओरखडे आणि कपाटातली बुरशी दाखवून सगळी अनामत ठेवून घेतली. सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे, हवेत बाराही महिने ओल, कपाटात बुरशी येतेच. वापरातून होणारी नेहमीची झीज भाडेकरूच्या माथी मारायची नाही असं करारातच होतं. आंटींच्या घरानं मला एक सवय लावली होती. किल्ली मिळाली त्या दिवशी मी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढले होते आणि त्याच रात्री मालकांना ईमेलनं पाठवले होते. एसीची दर तीन महिन्यांची सफाई केली होती, आठही पावत्या फाइलीत होत्या.

तिथं लहान दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. दोन वर्षांपर्यंतच्या राहत्या घराच्या कराराचे वाद तिथं चालतात. वकील लावता येत नाही, दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलायचं. परक्या देशात, परक्या भाषेत, एकटी बाई काय बोलणार, असं दावा दाखल करताना मला वाटलं होतं. बोलण्याची फारशी वेळच आली नाही. फोटो, ईमेलची तारीख, पावत्या टेबलावर मांडल्या. पहिल्याच बैठकीत तडजोड झाली आणि दोन महिन्यांच्या अनामतीपैकी पावणेदोन महिन्यांचे पैसे परत मिळाले. त्या दिवशी परकेपणाची भावना जितकी कमी झाली तितकी कुठल्या सणालाही झाली नव्हती. माझा देश कुठला, हे तिथं कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या घराची गोष्ट छोटी आहे. भाडं किती असावं याला तिथं कायद्याचा लगाम नाही. जुना भाडेनियंत्रण कायदा २००१ मध्येच रद्द झाला. २०२२ या एका वर्षात खाजगी घरांची भाडी २९.७ टक्क्यांनी वाढली. आमचा करार संपत होता तेव्हाच. मालकानं आकडा सांगितला आणि आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. मुलीच्या दहावीचं निमित्त होतं, पण खरं कारण तो आकडा होता.

पुण्यात आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, कोथरूडला. इतकी वर्षं तो भाड्यानं दिलेला होता, व्यवहार माझे दीर बघत. परतल्यावर त्यांनी जुनी फाइल माझ्या हातात दिली. त्यात फ्लॅटची जाहिरात होती, आमच्याच नावानं, आमच्याच संमतीनं दिलेली. तिच्यात लिहिलं होतं, ‘फक्त कुटुंबाला. शाकाहारीच हवेत. परप्रांतीय नकोत.’ ते कात्रण हातात घेऊन मी किती तरी वेळ बसून राहिले. त्या अकरा-बारा फोनांवर मला जे ऐकावं लागलं, ते तेवढ्याच वर्षांत माझ्या घराच्या दारात आणखी कुणाला ऐकावं लागलं होतं. मुंबईत मासे खाणाऱ्या मराठी माणसाला घर नाकारलं की आपण संतापतो, आणि संताप रास्तच आहे. पण पुण्यात एकट्या मुलीला, मुसलमान जोडप्याला, ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना आपण काय उत्तर देतो?

आपल्याकडेही कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्यानुसार भाडेकरार, लिव्ह अँड लायसन्ससुद्धा, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अनामत आहे, सूचनेची मुदत आहे, सामानाची यादी जोडता येते, ज्याची धास्ती वाटते त्याचं कलम घालता येतं. स्वयंपाकघराची धास्ती असेल तर सफाईचं कलम घाला. रात्रीच्या गोंगाटाची असेल तर त्याचं घाला.

गेल्या वर्षी आम्ही फ्लॅट पुन्हा भाड्यानं दिला. जाहिरातीत चौरस फूट, भाडं, अनामत आणि कुठल्या तारखेपासून, एवढंच लिहिलं. मणिपूरच्या दोन बहिणी राहतात, एक परिचारिका आहे, एक शिकते. करारात आंटींच्या त्या दोन ओळी मी मराठीत जशाच्या तशा उतरवल्या आहेत.

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांचं एखादं घर भाड्यानं द्यायचं असेल, त्यांनी आज संध्याकाळी आपली जाहिरात एकदा काढून वाचावी. तिच्यात माणसाच्या गावाची, जातीची, धर्माची ओळ असेल तर ती खोडावी, आणि जी काही धास्ती असेल ती करारात लिहावी. एवढी विनंती मी करते.