जोडीचा खेळ
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



संध्याकाळी अंगणात मुलांना बॅडमिंटन शिकवतो, म्हणून मला बोलायला उभं केलंय. मुलांना मी ज्वाला गुट्टाची गोष्ट सांगतो. जन्म १९८३चा, आपल्या महाराष्ट्रातल्या वर्ध्याचा. ती दुहेरीची खेळाडू. अश्विनी पोनप्पाच्या जोडीनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०११ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक. आता हैदराबादेत स्वतःची अकादमी काढून ती मुलं घडवते.

दुहेरीत फूल दोघींच्या मधोमध आलं आणि ‘तुझं’ म्हणून दोघी थांबल्या, की गुण गेला. कुणीतरी ‘माझं’ म्हणत पुढं व्हावं लागतं. सोसायटीचंही तसंच. पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा... ‘माझं’ म्हणणारे होते म्हणून २५ वर्षं निभावली.

येत्या सर्वसाधारण सभेत अंगणात पार्किंग करण्याचा विषय आहे. अडचण खरी आहे. माझीही गाडी रस्त्यावरच असते, आणि नंदुरबारचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. तरी माझी गाडी उन्हात राहू द्या. मुलांचं नेट मात्र तिथंच राहू द्या, एवढीच विनंती.