जाणता स्वार आणि चिमुकला घोडा

घोड्यांच्या सहवासांत ज्याचें उभें आयुष्य गेलें, त्याला घोड्याविषयीं कांहीं नवें शिकवूं जाणें हें धाडसच म्हणावें लागेल. टापांचा नाद ऐकून जनावर कोणत्या पायानें लंगडत आहे हें तो सांगतो. कान कसे वळले यावरून त्याच्या मनांतील भीति ओळखतो. चंदी किती द्यावी, रपेट केव्हां थांबवावी, नाल केव्हां बदलावा, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. अशा मनुष्याच्या तबेल्यांत एके दिवशीं अवघ्या बत्तीस इंच उंचीचा घोडा येऊन उभा राहिला, तर त्याच्या मनांत पहिला विचार कोणता येईल? 'एवढालीं धिप्पाड जनावरें सांभाळलीं, मग हें खेळणें काय जड आहे!' बहुधा असाच. आणि नेमकें येथेंच घोडें पेंड खातें.

अमेरिकेंत मिनिएचर हॉर्स या नांवानें ओळखला जाणारा हा घोडा म्हणजे नुसतें लहान तट्टू नव्हे. माथेरानच्या तांबड्या वाटांवरून प्रवाशांना पाठीवर घेऊन चालणारीं तट्टें, किंवा ज्यांच्या बळावर मराठी स्वारांनीं दूरदूरचा मुलूख तुडविला तीं भीमथडीचीं तट्टें, हीं सारीं स्वारीचीं जनावरें. त्यांच्या शेजारीं हा चिमुकला घोडा मेंढरासारखा दिसेल. १९७८ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमाप्रमाणें पूर्ण वाढीच्या घोड्याची उंची ३४ इंचांहून अधिक असतां कामा नये. अमेरिकन शेटलंड पोनी क्लबच्या व्यवस्थेखालीं जी दुसरी नोंदवही आहे, तींत ३८ इंचांपर्यंतच्या घोड्यांचाहि एक वर्ग आहे. उंची मोजण्याची रीतहि निराळी. इतर घोडे मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापाशीं मोजतात; हा घोडा आयाळीचा शेवटचा केंस जेथें उगवतो तेथें मोजतात. मात्र उंची कितीहि कमी असली तरी बांधा मोठ्या घोड्यासारखा प्रमाणशीर असावा, ही खरी अपेक्षा.

हा घोडा आला कोठून, हें जाणल्यावांचून त्याची प्रकृति कळावयाची नाहीं. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नांवाचीं वाऱ्यापावसानें झोडपलेलीं बेटें आहेत. तेथील अपुऱ्या चाऱ्यावर शतकानुशतकें जगलेलीं तट्टें काटक झालीं. मिळेल तेवढ्या गवतांतून सत्त्व शोषून घ्यावें आणि पुढील वाईट दिवसांसाठीं अंगावर चरबी सांठवावी, हा त्यांचा स्वभावच बनला. १८४२ सालीं ब्रिटनमध्यें बायकांना आणि दहा वर्षांखालील मुलांना कोळशाच्या खाणींत उतरविण्यास कायद्यानें बंदी झाली. तेव्हां भुयारांतून गाड्या ओढण्यासाठीं या तट्टांची मागणी वाढली. तिकडे दक्षिण अमेरिकेंत, अर्जेंटिनामध्यें, फालाबेला घराण्यानें पिढ्यान् पिढ्या लहान घोड्यांची निवड करून स्वतःच्या नांवाची निराळी जात तयार केली. अमेरिकेंतील आजच्या चिमुकल्या घोड्यांच्या अंगांत शेटलंडचें रक्त मोठ्या प्रमाणांत आहे. तेव्हां दिसावयास तो राजवाड्यांतील खेळणें वाटला, तरी त्याचें पोट दुष्काळांत वाढलेल्या पूर्वजांचें आहे.

आतां जाणत्या मालकाच्या चुकीकडे वळूं. हजार पौंड वजनाच्या घोड्याला दिवसाला पंधरा ते वीस पौंड वाळलें गवत लागतें, कारण वजनाच्या शेंकडा दीड ते दोन एवढा कोरडा चारा हा साधारण हिशेब आहे. त्याच हिशेबानें अडीचशें पौंडांच्या घोड्याला पावणेचार ते पांच पौंड पुरेत. पण मोठ्या घोड्यांच्या तोबऱ्यांत ओंजळीओंजळीनें चंदी घालण्याची संवय ज्या हाताला लागली आहे, तो हात या लहान तोबऱ्यापाशीं येऊन आंखडत नाहीं. 'एवढीशी ओंजळ, तिनें काय होणार?' असें म्हणून चंदी पडते आणि घोडा फुगत जातो. कामावर नसलेल्या लहान घोड्याला बहुधा चंदीची गरजच नसते. चांगलें गवत, मीठ, स्वच्छ पाणी आणि क्षार व जीवनसत्त्वें यांचा बेताचा पुरवठा एवढ्यावर त्याचें भागतें. कोंवळ्या, रसरशीत कुरणांत त्याला मोकळें सोडलें, तर खुरांच्या आंतील भागाला दाह होऊन, ज्याला लॅमिनायटिस म्हणतात तें भयंकर दुखणें जडूं शकतें. शिवाय हिवाळ्यांत त्याच्या अंगावर इतके दाट केंस येतात कीं डोळ्यांनीं पाहून लठ्ठपणा किंवा कृशपणा कळत नाहीं. दर आठवड्यास बरगड्यांवरून हात फिरवून पाहावें. या बाबतींत बोटें खोटें बोलत नाहींत.

परंतु लठ्ठपणाहून घातक अशी एक गोष्ट आहे, आणि तिच्यामुळेंच अनुभवी मालकाच्या हातून लहान घोडा दगावण्याचा संभव असतो. मोठ्या घोड्यानें एक दिवस तोंड फिरविलें, तर जाणता मनुष्य घाबरून जात नाहीं. 'उद्यां खाईल' असें म्हणून तो थांबतो, आणि कित्येकदां त्याचा अंदाज बरोबरहि ठरतो. लहान घोड्याच्या बाबतींत हें थांबणें प्राणावर बेतूं शकतें. उपाशी पडतांच त्याचें शरीर सांठविलेली चरबी रक्तांत सोडूं लागतें. ती इतकी कीं रक्तांतील द्रव दुधाळ दिसूं लागतो, यकृत चरबीनें भरून जातें आणि घोडा अधिकच खाईनासा होतो. या विकाराला हायपरलिपेमिया म्हणतात. लठ्ठ घोडे, गाभण व दूध पाजणाऱ्या घोड्या, लांबच्या प्रवासानें किंवा दुसऱ्या आजारानें थकलेलीं जनावरें यांना त्याचा धोका सर्वांत मोठा. म्हणून लठ्ठ घोड्याला बारीक करण्यासाठीं एकदम उपाशी ठेवणें, हा उपाय रोगाहून वाईट. चारा हळूहळू व पशुवैद्याच्या सल्ल्यानें कमी करावा. आणि घोड्यानें गवताकडे पाठ फिरविली, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं पशुवैद्याला बोलवावें. ही एक गोष्ट लक्षांत राहिली, तरी बाकीच्या अनेक चुका निभावून जातील.

दुसरें शिक्षण मापाचें. मोठ्या घोड्यांसाठीं छापलेल्या वजनाच्या फिती या घोड्यावर खरें वजन दाखवितीलच असें नाहीं. गुरें तोलण्याच्या कांट्यावर एकदां त्याला उभा करावा आणि तो आंकडा तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा. जंतांचें औषध काय किंवा दुसरें कोणतेंहि औषध काय, तें त्या आंकड्यावरून द्यावयाचें. नजरेच्या अंदाजानें नव्हे. मोठ्या जनावरांत शंभर पौंडांचा अंदाज चुकला तर वजनाचा दहावा हिस्सा चुकतो; येथें तेवढ्याच चुकीनें जवळजवळ निम्मा हिशेब कोसळतो.

तिसरें शिक्षण तोंडाचें आणि पायांचें. घोडा लहान झाला म्हणून त्याच्या दांतांची संख्या कमी झाली नाहीं. आणि जबड्याच्या मानानें दांत मोठेच राहिले. त्यामुळें दांतांची दाटी होते, दुधाचे दांत वेळेवर पडत नाहींत, वरचा व खालचा जबडा जुळत नाहीं. चारा नीट चावला गेला नाहीं, कीं पोटांत गोळे होऊन मार्ग तुंबतो. म्हणून वर्षांतून निदान एकदां दांत तपासून घ्यावे, आणि तपासणाराजवळ लहान तोंडांत मावणारीं हत्यारें आहेत ना हें आधीं विचारावें. खुरांचें तसेंच. नाल बहुधा लागत नाहीं. पण सहा ते आठ आठवड्यांनीं खूर तासलेच पाहिजेत. मोठ्या घोड्याच्या संवयीनें नालबंद जर त्याचा पाय आपल्या गुडघ्यापर्यंत वर ओढूं लागला, तर घोड्याचा सांधा दुखतो आणि तो पाय हिसडतो. मग बिचाऱ्यावर खोडकरपणाचा आळ येतो. येथें वांकावयाचें तें मनुष्यानें.

तबेलाहि घोड्याच्या डोळ्यांनीं पाहावा लागतो. मोठ्या घोड्याला बाहेरचें जग दाखविणारें अर्धें दार या घोड्यापुढें भिंत होऊन उभें राहतें. उंच टांगलेल्या जाळींतून गवत ओढतांना धूळ व कुसळें त्याच्या डोळ्यांत जातात. ज्या कुंपणावरून मोठा घोडा उडी मारूं धजत नाहीं, त्याच्याच खालून हा सहज निसटतो. म्हणून कुंपण जमिनीलगत, बारीक विणीच्या जाळीचें असावें. तें केवळ घोडा आंत राहावा म्हणून नव्हे, तर मोकाट कुत्रा बाहेर राहावा म्हणूनहि. मोठा घोडा लाथ झाडून कुत्र्याला पळवितो. लहान घोड्याला कुत्र्यांची जोडगोळी फाडूं शकते. मोठ्या घोड्यांबरोबर त्याला एकाच कुरणांत सोडणें हेंहि जोखमीचें. त्यांनीं नुसत्या खेळांत झाडलेली लाथ याच्या डोक्यावर बसते. पण म्हणून त्याला एकटा कोंडून ठेवणें हा न्याय नव्हे. घोडा कळपाचा प्राणी आहे. त्याला त्याच्याच मापाचा सोबती द्यावा. यासाठींच नवशिक्यानें एक न घेतां दोन घ्यावे, आणि तेहि खच्ची केलेले, वयांत आलेले, शांत स्वभावाचे. पशुवैद्याकडून तपासून घेतल्यावांचून व्यवहार पुरा करूं नये.

पहिल्याच वर्षीं घोडी व नर ठेवून शिंगरें काढण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. लहान घोडीचें बाळंतपण अवघड होण्याचा संभव मोठ्या घोडीपेक्षां अधिक असतो, आणि अडलेल्या घोडीला मिनिटांचा हिशेब असतो. त्याहून गंभीर प्रश्न खुजेपणाच्या दोषाचा. अंगानें लहान असणें निराळें आणि खुजें असणें निराळें. वांकलेले पाय, फुगीर कपाळ, बसकें नाक, न जुळणारे जबडे अशीं लक्षणें घेऊन जन्मलेल्या शिंगराचें आयुष्य बहुधा कष्टाचें व तोकडें ठरतें. ॲग्रिकन नांवाच्या जनुकांतील कांहीं दोषांमुळें हें घडतें, असें संशोधकांनीं दाखवून दिलें आहे. आईबाप दोघेहि वरून निर्दोष दिसतात. पण दोघांच्याहि रक्तांत असा दोष लपलेला असला, तर दर चारांत एका गर्भाला तो दोन्हीकडून मिळण्याचा संभव असतो. त्यांतून कधीं खुजें शिंगरू जन्मतें, तर कधीं गर्भच टिकत नाहीं. आतां आयाळीच्या केंसावरून याची परीक्षा करतां येते. 'सर्वांत लहान तोच सर्वांत मोलाचा' या हव्यासानें पूर्वीच्या पैदाशीला जी वाट दाखविली, ती या परीक्षेनें बंद करतां येईल. परीक्षा केल्यावांचून जोडी लावणाऱ्याला आतां अज्ञानाचें निमित्त उरलेलें नाहीं.

मग या घोड्याचें करावयाचें काय? त्याच्यावर प्रौढ मनुष्यानें बसावयाचें नाहीं; अगदीं लहान मूल तेवढें क्वचित् बसवावें. येथें मात्र जाणत्या स्वाराचें जुनें भांडवल कामास येतें. लगामाची हळुवार जाण, आवाजाची शिस्त, घोड्याचें मन ओळखणारी नजर हें सारें जसेंच्या तसें उपयोगी पडतें. हलक्या दोनचाकी गाडीला जुंपलेला हा घोडा आपल्या बेताच्या ओझ्यासह आनंदानें दुडक्या चालीनें धांवतो. प्रदर्शनांत धन्याच्या हातीं दोरी ठेवून तो एकटाच अडथळे ओलांडतो. रुग्णालयांत आणि वृद्धांच्या आश्रमांत नेण्यासाठींहि असे घोडे तयार केले जातात, आणि अंथरुणाला खिळलेल्या मनुष्याच्या उशापाशीं ते शांतपणें उभे राहतात. अट एकच: तो लहान आहे म्हणून त्याचे लाड करावयाचे नाहींत. जो चावा मोठ्या घोड्याला माफ केला नसता, तो यालाहि माफ करूं नये. गंमत म्हणून शिकविलेलें दोन पायांवर उभें राहणें उद्यां एखाद्या मुलाच्या छातीवर येतें.

या घोड्यांकडे वळणारांत असेहि कित्येक असतात कीं ज्यांचे गुडघे आतां रिकीब सोसत नाहींत. पाठीवरून पडण्याचें भय वाढलें आहे, पण तबेल्याचा वास सोडवत नाहीं. अशांना हा लहान सोबती म्हणजे मोठाच दिलासा. तथापि त्यांनीं एक हिशेब अवश्य करावा. चांगला सांभाळलेला लहान घोडा पंचवीस ते पस्तीस वर्षें जगतो. साठीच्या मालकानें आज आणलेलें तरुण जनावर कदाचित् त्याच्यामागें उरेल. तेव्हां त्याची दावण कोणाच्या हातीं द्यावयाची, हें घोडा आणण्यापूर्वीच ठरवावें. आणि तसा कोणी दिसत नसेल, तर शिंगरू न आणतां पंधरा वर्षांचा, कोणास नकोसा झालेला शहाणा घोडा आणावा. त्यालाहि घर मिळतें आणि मालकालाहि.

अनुभव ही मोठी दौलत खरी. पण ती ज्या नाण्यांत सांठविलेली असते, तें नाणें प्रत्येक बाजारांत चालतेंच असें नाहीं. मोठ्या घोड्यानें शिकविलेला धीर येथें कधीं आळस ठरतो, आणि तेथली उदारता येथें विष ठरते. जो जाणता मनुष्य बत्तीस इंचांच्या जनावरापुढें गुडघे टेकून, त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून, पुन्हां पहिल्या धड्यापासून शिकावयास तयार होतो, त्याच्याच तबेल्यांत हा चिमुकला घोडा म्हातारा होतो.